गर्भवतीचा मधुमेह व नाळेतील ऊतके

मातेला असलेल्या मधुमेहाचे परिणाम केवळ तिच्या शरीरापुरते मर्यादित राहत नाहीत. तिच्या रक्तातील वाढलेले ग्लुकोज अपरेतून (वारेतून) गर्भाकडे जाते आणि गर्भाची वाढ, त्याचे अग्निपिंड, त्याचे रक्त व त्याला अपरेशी जोडणारी नाळ या सर्वांवर त्याचा ठसा उमटतो. मधुमेह गर्भारपणापूर्वीपासून असो किंवा गर्भारपणातच प्रथम उद्‌भवलेला असो, नाळेच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) होणारे बदल पुष्कळसे सारखे असतात. त्यांचे प्रमाण मात्र मातेच्या रक्तातील ग्लुकोजाची पातळी किती व किती काळ वाढलेली होती यावर अवलंबून असते. या बदलांचे ज्ञान वैद्यकाला फार उशिरा झाले. प्रसूतीनंतर नाळ व वार पुरून किंवा टाकून द्यावयाची वस्तू मानली जात असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्याकडे बारकाईने पाहण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही.

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाची नाळ सर्वसाधारणपणे ५० ते ६० सेंमी. लांब व १ ते २ सेंमी. जाड असते. तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला असून शरीरातील इतर वाहिन्यांच्या उलट येथे नीलेतून ऑक्सिजनयुक्त रक्त गर्भाकडे जाते आणि रोहिण्यांतून ऑक्सिजन कमी झालेले रक्त अपरेकडे परतते. या तीन वाहिन्यांभोवती ‘व्हॉर्टन जेली’ या नावाने ओळखले जाणारे बुळबुळीत, लवचिक संयोजी ऊतक असते. त्यात कोशिका विरळ असून कोलॅजेन तंतूंच्या जाळ्यात हायलुरॉनिक अम्ल व इतर बहुशर्करा भरलेल्या असतात. हायलुरॉनिक अम्ल स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. नाळेला पीळ पडला किंवा ती गर्भाच्या अंगाखाली दाबली गेली, तरी वाहिन्या सहसा चेपत नाहीत त्या या पाण्याने फुगलेल्या वेष्टनामुळेच. नाळेतील वाहिन्यांच्या भित्तींना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या नसतात व नाळेच्या बहुतेक भागात तंत्रिकाही (मज्जाही) नसतात. त्यामुळे वाहिन्यांचे आकुंचन व प्रसरण रक्तातील आणि भित्तीतील रासायनिक द्रव्यांवरच अवलंबून राहते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अपरेत माता व गर्भ या दोघांचीही ऊतके एकत्र आलेली असतात, परंतु नाळेतील सर्व ऊतके गर्भाच्या बाजूची असतात. म्हणून नाळेत दिसणारी विकृती ही मातेच्या रोगाला गर्भाने दिलेल्या प्रतिसादाची खूण ठरते. या विषयाच्या अभ्यासाला महत्त्व प्राप्त झाले ते याच कारणाने.

नाळेसंबंधीची जिज्ञासा अर्थातच प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मातेच्या रसवाहक नाडीशी गर्भाची नाभिनाडी जोडलेली असून तिच्यामार्गे मातेच्या आहाररसाचा सारभाग गर्भाला मिळतो, असे प्रतिपादन केलेले आहे. जन्मल्यानंतर नाभीपासून आठ अंगुळांवर दोऱ्याने बांधून नाळ कापावी, असेही तेथे सांगितले आहे. त्याच संहितेत प्रमेह व मधुमेह यांचे स्वतंत्र विवेचन आहे. परंतु गर्भवतीच्या मधुमेहाचा नाळेशी वा गर्भाशी संबंध जोडण्याचा प्रयत्न तेव्हा झालेला दिसत नाही. यूरोपात जूल्यो चेझारे आरांत्सी यांनी १५६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गर्भविषयक ग्रंथात माता व गर्भ यांच्या रक्तवाहिन्या परस्परांशी सलग जोडलेल्या नसतात, असे मत मांडले. इंग्लंडमधील टॉमस व्हॉर्टन यांनी १६५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथिविषयक ग्रंथात नाळेतील जेलीसारख्या पदार्थाचे वर्णन केले व त्यांचेच नाव पुढे त्याला मिळाले. मूळ ग्रंथ ग्रंथींविषयीचा असून त्याच्या कर्त्याचे नाव ग्रंथी नसलेल्या या ऊतकाला चिकटले, ही एक गंमतच म्हणावी लागेल. माता व गर्भ यांची रुधिराभिसरणे स्वतंत्र असतात हे विल्यम व जॉन हंटर या बंधूंनी अठराव्या शतकात वाहिन्यांत मेण व इतर द्रव्ये भरून दाखविले. विल्यम हंटर यांचा गर्भाशयाच्या शारीराचा चित्रसंग्रह १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. शोधाच्या श्रेयावरून १७८० मध्ये या दोघा भावांत कायमचे वितुष्ट आले. अभिसरणे स्वतंत्र आहेत हे मान्य झाल्यावर मातेच्या रक्तातील कोणते पदार्थ पडदा ओलांडून पलीकडे जातात आणि कोणते जात नाहीत, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला. मधुमेहाच्या संदर्भात त्याचे उत्तर मिळण्यास मात्र पावणेदोनशे वर्षे लागली.

गर्भवतीच्या मधुमेहाची तपशीलवार नोंद प्रथम बर्लिन येथील हाइन्रिख गोटलीप बेनेव्हिट्स यांच्या १८२४ मधील प्रबंधात सापडते. बावीस वर्षांच्या एका स्त्रीला पाचव्या गर्भारपणात अतिशय तहान लागू लागली व तिच्या मूत्रात साखर आढळली. प्रसूतीच्या वेळी दगावलेले तिचे मूल बारा पौंड वजनाचे होते. प्रसूतीनंतर मातेची लक्षणे व मूत्रातील साखर नाहीशी झाली. मधुमेह हे येथे गर्भारपणाचेच एक लक्षण आहे, असा निष्कर्ष बेनेव्हिट्स यांनी काढला. मुलाचा असामान्य आकार त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, हे त्यांच्या वर्णनावरून स्पष्ट होते. यानंतर क्लोद बेर्नार यांनी १८५९ मध्ये अपरेच्या ऊतकांत ग्लायकोजेन असल्याचे दाखविले. गर्भाचे यकृत पूर्णपणे कार्यक्षम होईपर्यंत हे काम अपरा करीत असावी, असा त्यांचा तर्क होता. गर्भाच्या उपांगांचा शर्करेच्या चयापचयाशी (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींशी) संबंध आहे, हे यामुळे प्रथमच कळले.

एकोणिसाव्या शतकातील वैद्यांपुढे मात्र नाळेपेक्षा कितीतरी निकडीचा प्रश्न होता. तीव्र मधुमेह झालेल्या तरुण स्त्रिया बहुधा गर्भवती होण्यापूर्वीच मरत, आणि ज्यांना दिवस जात त्यांचे गर्भारपण अत्यंत धोक्याचे असे. लंडन येथे मॅथ्यूज डंकन यांनी १८८२ मध्ये अशा २२ गर्भारपणांची माहिती एकत्र केली. तीत माता व मुले या दोघांच्याही मृत्यूंचे प्रमाण भयावह होते. अमेरिकेतील जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९०९ मध्ये ६६ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रिया प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच मृत्यू पावल्या होत्या. अशा परिस्थितीत मूल व माता यांना वाचविण्याची धडपड करणाऱ्या वैद्याने कापलेल्या नाळेचे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत, ही अपेक्षाच चुकीची होय.

टोराँटो येथे १९२१-२२ मध्ये इन्सुलिनाचा शोध लागला व परिस्थिती एका पिढीत पालटली. मधुमेही मुली वयात येऊ लागल्या, विवाह करू लागल्या आणि माता होऊ लागल्या. त्यांचे मृत्युमान झपाट्याने उतरले. मुलांचे मात्र त्या वेगाने उतरले नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, सर्व काही सुरळीत दिसत असता, गर्भ पोटातच अचानक मरण पावण्याचे प्रकार चालू राहिले. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती घडवून आणीत, आणि मग अपक्व फुप्फुसांमुळे मूल दगावे. मधुमेही मातांच्या शुश्रूषेत अनेक दशके घालविणाऱ्या बॉस्टन येथील प्रिसिला व्हाइट यांनी १९४९ मध्ये अशा मातांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. मधुमेह कोणत्या वयात सुरू झाला, किती वर्षे टिकला व रक्तवाहिन्यांना किती इजा झाली, यांवर ते आधारलेले होते. त्यांचे वर्गीकरण टिकले. त्यांची उपचारपद्धती टिकली नाही. गर्भाचे मृत्यू अपरेतील हॉर्मोनांच्या असंतुलनामुळे होतात, असे मानून त्या गर्भवतींना स्टिल्बेस्ट्रॉल व प्रोजेस्टेरोन देत असत. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने केलेल्या नियंत्रित चाचणीत या उपचाराचा फायदा होत नसल्याचे १९५५ मध्ये दिसून आले. पुढे १९७१ मध्ये, गर्भारपणी स्टिल्बेस्ट्रॉल घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींना तारुण्यात योनिमार्गाचा एक विरळा कर्करोग होत असल्याचे उघडकीस आले. अपरा व नाळ यांमधून काय पार होते याविषयीच्या अज्ञानाची किंमत अशा रीतीने पुढच्या पिढीने मोजली.

अचूक दिशा कोपनहेगन येथील यॉर्गेन पेडरसन यांनी दाखविली. नवजात अर्भकांच्या रक्तशर्करेवरील त्यांचा प्रबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मातेच्या रक्तातील जादा ग्लुकोज अपरेतून गर्भात जाते. मातेचे इन्सुलीन मात्र जात नाही. त्यामुळे गर्भाचे अग्निपिंड स्वतःच जादा इन्सुलीन निर्माण करते, आणि हे इन्सुलीन गर्भाच्या शरीरात मेद व प्रथिने यांचा साठा वाढविते, असे पेडरसन यांचे प्रतिपादन होते. जन्मानंतर नाळ कापताच ग्लुकोजाचा पुरवठा थांबतो, इन्सुलीन मात्र रक्तात असतेच. म्हणून अशा अर्भकाची रक्तशर्करा जन्मानंतरच्या काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरते. बेनेव्हिट्स यांनी नोंदविलेले बारा पौंडांचे मूल आणि नवजाताला येणारे झटके या दोहोंचा उलगडा एकाच उपपत्तीने झाला.

नाळेचा उल्लेख या इतिहासात ठळकपणे येतो तो १९५९ मध्ये. एडिंबरो येथील बालरोगतज्ञ जेम्स फार्कर यांनी मधुमेही मातांच्या अर्भकांचे जे वर्णन लिहिले ते बालवैद्यकात प्रमाणभूत मानले जाते. ही सर्व मुले जणू एकाच कुटुंबातील वाटावीत इतकी परस्परांसारखी, गुबगुबीत व लालबुंद दिसतात, हे सांगताना फार्कर यांनी त्यांची नाळ व वार याही या अतिवाढीत सहभागी असतात, असे नमूद केले. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या अनुभवी सुइणींना जाड, फुगीर नाळ पाहण्याची सवय असली पाहिजे. पण ही जाडी गर्भाच्या एकूण अवस्थेचाच भाग आहे, हे शास्त्रीय वाङ्मयात इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडले गेले होते.

यानंतरचे संशोधन दोन वाटांनी गेले. एक नाळेतील रक्ताचे व दुसरे नाळेच्या ऊतकाचे. पहिले लवकर फळाला आले, कारण रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा आमापनामुळे १९६० पासून रक्तातील इन्सुलीन मोजता येऊ लागले. तरीही एक अडचण उरली. इन्सुलिनाची अंतःक्षेपणे घेणाऱ्या मातेच्या रक्तात इन्सुलीनविरोधी प्रतिपिंडे तयार होतात. ती अपरा ओलांडून गर्भात जातात व नाळेतील रक्ताचे मापन बिघडवितात. डॉनल्ड स्टाइनर यांनी १९६७ मध्ये इन्सुलिनाच्या पूर्वगामी रेणूचा शोध लावला. त्या रेणूचे विभाजन होऊन इन्सुलिनाबरोबर सुटा होणारा सी-पेप्टाइड हा तुकडा बाहेरून दिलेल्या इन्सुलिनात नसतो. साहजिकच नाळेच्या रक्तातील सी-पेप्टाइड हे गर्भाच्या स्वतःच्या इन्सुलीननिर्मितीचे विश्वसनीय माप ठरले. त्याचे प्रमाण जितके अधिक, तितके अर्भक मोठे व त्याची रक्तशर्करा घसरण्याचा धोका जास्त, हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्याच वर्षी, ऱ्हीसस माकडाच्या गर्भात इन्सुलीन सतत झिरपत राहील अशी योजना करून, मातेचे ग्लुकोज वाढलेले नसतानाही केवळ इन्सुलिनाने गर्भ मोठा होतो हे सिद्ध करण्यात आले. पेडरसन यांच्या उपपत्तीला यापेक्षा सबळ पुरावा क्वचितच मिळाला असेल.

दरम्यान मधुमेहाची व्याप्तीही बदलत होती. अपरेत तयार होणाऱ्या लॅक्टोजेन या हॉर्मोनाचे वर्णन १९६२ मध्ये झाले. हे व इतर हॉर्मोने गर्भारपणाच्या उत्तरार्धात इन्सुलिनाच्या कार्याला विरोध करतात, म्हणून एरवी निरोगी असलेल्या काही स्त्रियांना याच काळात मधुमेह होतो, हे समजले. बॉस्टन येथील जॉन ओसलिव्हन व क्लेअर माहान यांनी ७५२ गर्भवतींची ग्लुकोज चाचणी करून १९६४ मध्ये निदानाच्या मर्यादा सुचविल्या. कोणतेही लक्षण नसलेल्या असंख्य स्त्रिया आता ‘मधुमेही गर्भवती’ या वर्गात आल्या. सौम्य मधुमेहात गर्भाच्या ऊतकांत काही बदल होतात काय, हा प्रश्न यामुळेच महत्त्वाचा झाला.

ऊतकाच्या अभ्यासाचा पाया एका वेगळ्याच विषयात घातला गेला होता. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईबैलांच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून हायलुरॉनिक अम्ल वेगळे केले आणि १९३६ मध्ये तेच मानवी नाळेतूनही मिळविले. तेव्हापासून नाळ हे या अम्लाचे एक सोयीचे उगमस्थान मानले जाऊ लागले. मधुमेहाचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता. पण जेली कशाची बनलेली असते हे कळल्याशिवाय ती का फुगते हे कळणे शक्य नव्हते. मधुमेही मातांच्या नाळेच्या छेदांत जेलीचे क्षेत्रफळ वाढलेले, तंतूंचे जाळे विस्कटलेले व मधूनमधून रिकाम्या पोकळ्या पडलेल्या आढळतात. गर्भवतीच्या मधुमेहाचा नाळेवरील परिणाम हाच विषय घेऊन केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. इझ्राएलमधील व्हाइसमन व याकोबी यांनी १९९७ मध्ये श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने गर्भाशयातील नाळेची मापे घेतली. मधुमेह असलेल्या गर्भवतींत नाळ अधिक रुंद असून ही वाढ मुख्यत्वे व्हॉर्टन जेलीमुळे होते, असे त्यांना आढळले. म्हणजेच जन्मानंतर दिसणारा फुगीरपणा हा प्रसूतीच्या वेळी झालेला बदल नसून गर्भाशयातच होणारी वाढ होती.

ही वाढ कशी होते याची कारणे एकाहून अधिक आहेत. जादा इन्सुलीन व इन्सुलीनसदृश वाढघटक संयोजी ऊतकाच्या निर्मितीला चालना देतात. जादा ग्लुकोज हा हायलुरॉनिक अम्लाच्या संश्लेषणासाठी लागणारा कच्चा माल आहे. वाहिन्यांच्या भित्ती अधिक पारगम्य झाल्यास रक्तद्रव बाहेर झिरपून जेलीत साचतो. याशिवाय ग्लुकोज प्रथिनांना चिकटून कोलॅजेनाच्या तंतूंत आडबंध निर्माण करते व त्यांची लवचिकता घटविते. प्रत्यक्ष नाळेत यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे करून दाखविणे कठीण आहे. नाळेची जाडी केवळ मधुमेहानेच वाढते असेही नाही. गर्भाचे वजन, गर्भारपणाचे आठवडे आणि इतर कारणांनी येणारी सूज यांनीही ती बदलते. अनेक अभ्यासांत तपासलेल्या नाळांची संख्या थोडी असल्याने, जाड नाळेवरून मधुमेहाचे निदान करण्याचा मोह टाळलेला बरा.

नाळेतील दोनऐवजी एकच रोहिणी असणे या दोषाकडे कुर्ट बेनिर्श्के यांनी सहकाऱ्यासह १९५५ मध्ये लक्ष वेधले. सर्वसाधारण प्रसूतींत तो शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळतो; मधुमेही मातांच्या अर्भकांत त्याचे प्रमाण अधिक असते. येथे काळाचा विचार करणे आवश्यक आहे. हा दोष बहुधा गर्भारपणाच्या आरंभीच्या काळात उद्‌भवतो, तर गर्भारपणात प्रथम होणारा मधुमेह सामान्यतः उत्तरार्धात सुरू होतो. म्हणून एकच रोहिणी असण्याचा संबंध मुख्यतः आधीपासून असलेल्या मधुमेहाशी लावावा लागतो, आणि हृदय व पाठीचा कणा यांच्या जन्मजात दोषांप्रमाणेच गर्भधारणेपूर्वी रक्तशर्करा ताब्यात ठेवण्याचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते. जेलीची वाढ उत्तरार्धातील, वाहिनीचा अभाव आरंभीचा; एकाच नाळेत दोन वेगवेगळ्या काळांची नोंद सापडू शकते. मँचेस्टरचे विकृतिवैज्ञानिक हॅरल्ड फॉक्स यांनी १९६९ मध्ये मधुमेही मातांच्या अपरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर अपरेच्या अंकुरांची अपक्वता, सूज व केशवाहिन्यांची वाढ यांवर विपुल लेखन झाले. त्या मानाने नाळेकडे दुर्लक्षच झाले.

वाहिन्यांच्या अंतःस्तरावरील संशोधनाला मात्र नाळेनेच जन्म दिला, असे म्हटले तरी चालेल. एरिक जॅफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये नाळेतील नीलेच्या आतील अस्तराच्या कोशिका वेगळ्या करून त्यांचे संवर्धन करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मानवी वाहिन्यांचे अस्तर प्रयोगशाळेत अभ्यासणे सर्वत्र शक्य झाले. ही सामग्री फुकट, विपुल व कोणालाही इजा न करता मिळणारी होती. लुइस सोब्रेव्हिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ व १९९५ मध्ये मधुमेह झालेल्या गर्भवतींच्या नाळेतील अशा कोशिका तपासल्या. त्यांत ॲडिनोसिनाचे शोषण कमी झालेले, तर आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे शोषण व त्यापासून होणारी नायट्रिक ऑक्साइडाची निर्मिती वाढलेली आढळली. विशेष म्हणजे नेहमीच्या ग्लुकोज पातळीच्या द्रवात वाढविल्यानंतरही त्या कोशिकांतील हा फरक टिकून होता. गर्भाशयात घडलेला बदल कोशिका जणू ‘लक्षात’ ठेवतात, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला. रोहिण्यांच्या भित्तीत मात्र वाहिनी सैल ठेवणाऱ्या प्रोस्टासायक्लिनाची निर्मिती मधुमेही मातांच्या अर्भकांत घटलेली दिसून आली होती. तेव्हा मधुमेहाने नाळेतील वाहिन्या केवळ आकुंचित वा केवळ प्रसरण पावतात असे सरसकट विधान करता येत नाही.

शेवटच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भमृत्यूचे कोडेही नाळेनेच बऱ्याच अंशी उलगडले. मधुमेही मातांच्या अर्भकांच्या नाळेतील रक्तात एरिथ्रोपोएटीन हे तांबड्या कोशिकांची निर्मिती वाढविणारे हॉर्मोन अधिक असते, हे १९८१ मध्ये सिद्ध झाले. ऑक्सिजन अपुरा पडू लागला की, हे हॉर्मोन वाढते. म्हणजे बाहेरून धष्टपुष्ट दिसणारा गर्भ प्रत्यक्षात ऑक्सिजनाच्या टंचाईत वाढत होता. फार्कर यांनी वर्णन केलेला लालबुंदपणा हा सुदृढपणाचा नव्हे, तर तांबड्या कोशिकांच्या आधिक्याचा होता. कारण असे की, इन्सुलीन चयापचय वाढविते व त्याबरोबर ऑक्सिजनाची गरजही वाढते. अपरेचा पुरवठा तिला पुरा पडत नाही. फ्रान्समध्ये डॅफॉस यांनी १९८३ मध्ये श्राव्यातीत चित्राच्या मार्गदर्शनाखाली गर्भाशयातील नाळेत सुई घालून रक्त काढण्याची पद्धत प्रचारात आणली. लंडन येथे निकोलाइडीस व सहकारी यांनी तिचा उपयोग करून मधुमेही गर्भवतींच्या काही गर्भांच्या रक्तात आम्लता व लॅक्टेट वाढलेले असल्याचे १९९१ मध्ये दाखविले. प्रसूतीच्या ताणापूर्वीच हे बदल झालेले होते. नाळेतील रोहिणीच्या प्रवाहाचा डॉप्लर तरंगांनी घेतलेला आलेख १९७७ पासून उपलब्ध होता. परंतु मातेच्या वाहिन्यांना इजा झालेली नसेल, तर तो मधुमेहात पुष्कळदा सर्वसाधारणच दिसतो. आलेख चांगला आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे प्रसूतितज्ञांना अनुभवाने शिकावे लागले.

व्हॉर्टन जेलीतील कोशिकांकडे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मूलकोशिकांचा साठा म्हणून पाहिले जाऊ लागले. मधुमेह झालेल्या गर्भवतींच्या नाळेतील अशा कोशिका अकाली वृद्ध होतात व त्यांतील कलकणूंचे (ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांचे) कार्य मंदावते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. भावी उपचारांसाठी नाळेतील ऊतके शुल्क घेऊन साठविण्याचा व्यवसाय या काळात वाढला. मातेला मधुमेह होता किंवा नाही ही बाब अशा साठ्याच्या गुणवत्तेशी निगडित आहे. जाहिरातींत तिचा उल्लेख सहसा नसतो.

नाळेतील रक्त निदानाच्या व्याख्येच्याही केंद्रस्थानी आले. नऊ देशांतील पंधरा केंद्रांत झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विशाल अभ्यासात तेवीस हजारांहून अधिक गर्भवतींची ग्लुकोज पातळी आणि त्यांच्या अर्भकांच्या नाळेतील सी-पेप्टाइड यांची तुलना करण्यात आली. मातेचे ग्लुकोज वाढत जाते तसतसे सी-पेप्टाइड व अर्भकाचे वजन सलगपणे वाढत जाते. धोका एकाएकी सुरू होतो असा ठरावीक बिंदू नाही, असे निष्पन्न झाले. या निष्कर्षावर आधारलेल्या मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्वीकारल्या : उपाशीपोटी ९२ मि.ग्रॅ., ७५ ग्रॅ. ग्लुकोज दिल्यानंतर एका तासाने १८० मि.ग्रॅ. व दोन तासांनी १५३ मि.ग्रॅ. (सर्व दर १०० मिलि. मागे). सलग चढणीवर सीमारेषा आखावयाची, तर ती काही अंशी माणसाच्या सोयीनेच आखली जाणार, हे येथे लक्षात ठेवावे लागते. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्रामीण भागातील गर्भवतींना उपाशीपोटी येणे अवघड असते हे ध्यानी घेऊन, जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅ. ग्लुकोजानंतर दोन तासांनी १४० मि.ग्रॅ. ही एकच मर्यादा ठेवली.

या सर्व ज्ञानाचा मोठा भाग पाश्चात्त्य देशांतील स्थूल अर्भकांवरून मिळालेला असल्याने तो भारतीय अर्भकांना जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ. भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे ते ३·५ किग्रॅ. होते. परंतु ही लहान मुले केवळ कृश नव्हती. त्यांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान असली, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. पुणे व लंडन येथील अर्भकांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा वजनाने कमी असूनही पुण्याच्या अर्भकांत इन्सुलीन अधिक असल्याचे दिसले. मोठे मूल व जाड नाळ ही गर्भाच्या इन्सुलीनवाढीची खूण मानणाऱ्या पाश्चात्त्य ठोकताळ्याने ही मुले निर्दोष ठरली असती. भारतीय गर्भवतीच्या तपासणीत मूल लहान आहे म्हणून मधुमेहाची शंका सोडून देऊ नये, हा या निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ होय.

सौम्य मधुमेहावरही उपचार केल्याने अर्भकाचे गंभीर धोके ४ टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत कमी होतात, हे ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. आहारनियमन, व्यायाम व गरज पडल्यास इन्सुलीन किंवा तोंडाने घ्यावयाची औषधे हे उपचारांचे स्वरूप आहे. प्रसूतीनंतर नाळेच्या कापलेल्या टोकाशी तीन वाहिन्या दिसतात किंवा नाही हे पाहणे, नाळेची लांबी, जाडी व सूज नोंदविणे आणि दोष आढळल्यास अर्भकाचे हृदय व मूत्रपिंडे तपासणे, एवढी नाळेची परीक्षा साध्या प्रसूतिगृहातही करता येते. तिला उपकरण लागत नाही. नाळेतील रक्ताची शर्करा मात्र जन्मक्षणाची असते. पुढच्या तासांत ती किती उतरेल हे तिच्यावरून सांगता येत नसल्याने अशा अर्भकाला लवकर स्तनपान देऊन त्याच्या टाचेच्या रक्ताची तपासणी पहिल्या दिवसात पुनःपुन्हा करावी लागते.